ठळक अक्षरांतील रविवार

आज्ञापालन हा सद्गुण आहे, याविषयी सज्जनांत दुमत नाही. परंतु सद्गुणाचेही मिठासारखेच असते. बेताने पडले तर अन्नाला चव येते, आणि मूठ सैल सुटली तर अवघी पंगत पाणी मागत उठते. त्यातही जिथे आज्ञा देणाऱ्याच्या हातून नकळत चूक होते आणि पाळणारे मात्र तसूभरही ढळत नाहीत, तिथे दोष कोणाच्या पदरात घालावा, हा प्रश्न भल्याभल्यांना पडावा असा आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील हेगन प्रेअरी या गावच्या लुथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळीपुढे एका रविवारी हा प्रश्न उभा राहिला. तो उभा केला होता आर्डिस क्वामी यांनी, त्याआधीच्या शुक्रवारी, संगणकापुढे बसून आणि अत्यंत शुद्ध हेतूने.

आर्डिसबाई त्या चर्चच्या सचिव होत्या. रविवारच्या उपासनेची छापील पत्रिका दर शुक्रवारी सिद्ध करणे, हे त्यांचे व्रत होते. पत्रिकेचा नियम सोपा होता: साध्या अक्षरांत जे असेल ते पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, म्हणायचे, ठळक अक्षरांत जे असेल ते मंडळीने. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो आजवर कोणी मोडला नव्हता. आजोबांच्या मांडीवर बसून मुले तो शिकत, आणि पुढे स्वतः आजोबा होऊन शिकवीत.

आर्डिसबाईंची हयात टंकलेखन यंत्रावर गेली होती. संगणक आला तेव्हा त्यांनी त्याचे स्वागत केले, पण त्याला आपल्या पद्धती बदलू दिल्या नाहीत. मथळा मधोमध आणायचा तर त्या स्पेसची कळ दाबत दाबत त्याला मध्यावर ढकलून नेत. पुढचे पान हवे असेल तर एंटरची कळ, कुंपणाचा खांब ठोकावा तशी, पान उलटेपर्यंत ठोकीत. एकेक ओळ निवडून ती हाताने ठळक करीत. वर्ड प्रोसेसरमध्ये या सर्वांसाठी सोयी आहेत, असे कोणी सुचविले तर त्या म्हणत, "असतील बापडे. माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचं यंत्रही आहे. मी सुरीनंच सोलते."

ही पत्रिका त्यांना प्राणाइतकी प्रिय असण्याचे कारण होते. त्यांचा आवाज बेसूर होता, म्हणून गायकवृंदात त्यांना कोणी घेतले नव्हते. त्यांनी केलेले रूबार्बचे बार, म्हणजे आंबट देठांच्या भाजलेल्या गोड वड्या, दातांची परीक्षा पाहत, म्हणून कॉफीच्या टेबलावर ते अखेरपर्यंत तसेच राहत. देवाच्या घरी आपण काय आणतो, या प्रश्नाला त्यांच्यापाशी एकच उत्तर होते, आणि ते शुक्रवारी छापून, दुमडून, रविवारी दाराशी ठेवलेले असे. पत्रिकेच्या शेवटच्या पानावर तळाशी त्यांची एक ओळ ठरलेली असे: "ही पत्रिका आर्डिस क्वामी यांनी तयार केली. चूक आढळल्यास कृपया सौम्यपणे सांगावी." आजवर कोणी सांगितली नव्हती, सौम्यपणेही नाही.

आता त्याच पत्रिकेवर गंडांतर आले होते. मंडळीच्या कारभाराचे अध्यक्ष वेंडेल स्कोगेन यांचे गावात लोखंडी सामानाचे दुकान होते आणि ते सुधारणावादी होते. त्यांच्या मनाने घेतले होते की कागद बंद करावा आणि वेदीच्या बाजूला मोठा पडदा लावून त्यावर सर्व शब्द दाखवावेत. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. मंडळीचे लोक पत्रिकेत मान घालून पुटपुटत, आणि त्यांचा आवाज स्वर्गात जाणे दूरच, शेजारच्या बाकापर्यंतही जात नसे. मुळात त्या मुलखातील माणूस मितभाषी. शेजाऱ्याच्या गोठ्याला आग लागली तरी तो कुंपणापाशी उभा राहून "तुमच्याकडे आज उजेड बराच दिसतोय" एवढेच म्हणणार. रविवारी उपासनेनंतर तळघरात कॉफीसोबत मतदान व्हायचे होते: कागद की पडदा.

मंडळीच्या पाळक, म्हणजे पास्टर, मारितबाई तरुण होत्या आणि मनाने कागदाच्या बाजूच्या होत्या. पदामुळे त्यांना तसे उघड बोलता येत नसे. त्यांनी आर्डिसबाईंना एवढेच सुचविले, की या खेपेस अक्षर जरा मोठे घ्यावे. "एल्व्हाआजींना चष्म्याशिवाय वाचता आलं, की निम्मी लढाई जिंकलीच समजा," असे त्या म्हणाल्या. एल्व्हा टोफ्ते या मंडळीतील सर्वांत वृद्ध. त्यांचा हात ज्या बाजूला वर जाई त्या बाजूला बरेच हात जात.

तर शुक्रवारी आर्डिसबाई जन्मातली सर्वोत्तम पत्रिका करावयास बसल्या. सर्व मजकूर निवडला, अक्षर मोठे केले, आणि एंटर ठोकून उभारलेली ती सारी इमारत एका क्षणात खचली. मधोमध असलेले मथळे उजव्या समासाला जाऊन चिकटले. पहिल्या पानाची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर एकटीच जाऊन बसली. आजारी बंधुभगिनींची नावे "आजच्या कॉफीचे यजमान" या मथळ्याखाली सरकली, आणि कंबर मोडून इस्पितळात पडलेले एक गृहस्थ बार आणि कॉफी वाटणार असल्याचे जाहीर झाले. आर्डिसबाईंनी एक ओळ वर ओढावी तर दोन खाली घसरत. जात्यावर बसावे आणि पीठ उलटे जात्यात जावे, तशी गत झाली.

शेवटी हट्ट सोडून त्यांनी, आयुष्यात प्रथमच, त्या वर्ड प्रोसेसरच्या सोयींकडे पाहिले. तिथे "साधा मजकूर" या नावाची एक शैली होती. सगळ्या परिच्छेदांना ती शैली लावली की त्यांचे अक्षर, अंतर आणि समास एकसारखे होत. त्यांनी ती लावली आणि मंडळीच्या ओळी हाताने पुन्हा एकेक करून ठळक केल्या. शैलीच्या चौकटीत खाली एक प्रश्न उरला होता: पुढे कोणत्याही परिच्छेदात बदल केल्यास तो शैलीत आपोआप करावा काय? आपोआप होत असेल तर उत्तमच, असा विचार करून त्यांनी तिथे बरोबरची खूण केली. मग सारे आलबेल झाले. त्यांनी पत्रिका दोनदा वाचली, कुठे काही खोड निघाली नाही, आणि छपाई करणार एवढ्यात दार वाजले.

वेंडेल आत आले. लहानपणी रविवारच्या शाळेत आर्डिसबाईंनीच त्यांना शिकविले होते, म्हणून बाईंसमोर उभे राहताना आजही त्यांचे हात आपोआप मागे बांधले जात. मतदानाविषयीची एक सूचना पत्रिकेत घालावी, अशी त्यांची विनंती होती. आर्डिसबाईंनी चिठ्ठी वाचली. सूचना पत्रिकेच्याच विरुद्ध होती. त्यांनी ती तशीच शेवटच्या पानावर टंकित केली.

"आणि आर्डिसबाई, तेवढी ठळक करा," वेंडेल म्हणाले.

"सूचना ठळक नसतात, वेंडेल. ठळक ते मंडळी म्हणते."

"ते मला माहीत आहे हो. पण नजरेत भरायला हवी ना. एवढी एकच."

"तू लहानपणी पण असाच होतास. येशूजन्माच्या नाटकात तुला मेंढपाळ केलं, तर तुला ताऱ्याचं काम हवं होतं."

"तारा दिसतो तरी," वेंडेल पडत्या आवाजात म्हणाले.

पाहुण्याला नाही म्हणणे त्या मुलखात बसत नाही. आर्डिसबाईंनी सूचनेचा परिच्छेद निवडला, ठळक करण्याची कळ दाबली, आणि तो परिच्छेद डोळ्यांदेखत काळाभोर झाला. वेंडेल समाधानाने गेले. परंतु त्या खुणेने आपले वचन पाळले होते. एका साध्या परिच्छेदात केलेला बदल तिने सगळ्या साध्या परिच्छेदांना आपोआप लागू केला होता. संगणकावर शेवटचेच पान दिसत होते. मागची पाने त्यांनी दोनदा वाचलेली होती. तिसऱ्यांदा वाचणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे. त्यांनी छपाईची आज्ञा दिली.

त्यांचे यजमान ऑर्लिन घड्या घालावयास येत. त्यांना कमी ऐकू येई आणि श्रवणयंत्र झिजू नये म्हणून ते खिशात ठेवीत. त्यांनी एक प्रत उचलून उजेडात धरली.

"छान झालीय. जरा काळी वाटते का गं?"

"शाईची नळी नवी घातलीय," आर्डिसबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

"मग पैसे वसूल झाले," ऑर्लिन म्हणाले, आणि घड्या घालू लागले.

रविवारी मक्याची कापणी उरकलेली असल्यामुळे चर्च भरलेले होते. पडद्याचे पाठीराखे उजवीकडे आणि कागदाचे डावीकडे बसले होते, असे कोणी म्हटले नसते. पण तसे बसले होते खरे. आर्डिसबाई नेहमीच्या बाकावर ऑर्लिनशेजारी बसल्या आणि वाद्याचे सूर सुरू होताच त्यांनी पत्रिका उघडली. पहिले पान ठळक होते. दुसरे पान ठळक होते. तिसरेही. उठून सांगावे असे त्यांना वाटले, पण उपासनेत मध्येच उभे राहून बोलणारा मनुष्य त्या चर्चने पाहिलेला नव्हता, आणि पहिला आपण असावे एवढे धैर्य त्यांच्यापाशी नव्हते.

सूर थांबले. पास्टर मारित पुढे आल्या, त्यांनी आपल्या हातातील प्रत पाहिली, आणि पहिले वाक्य कोणाचे, या विचारात क्षणभर थांबल्या. तो क्षण घातक ठरला. ऑर्लिन यांना वाटले, मंडळीची पाळी आली असून मंडळी झोपली आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज मुळात मोठा. त्यात हे कर्तव्य. त्यांनी खणखणीत स्वरात म्हटले, "प्रभू तुमच्याबरोबर असो." शेजाऱ्यांनी आपापल्या प्रती पाहिल्या. अक्षर ठळकच होते. म्हणजे चूक आपलीच, असे समजून त्यांनी आवाज मिसळला आणि पुढची ओळही ठळक होती म्हणून तीही म्हटली: "आणि तुमच्याबरोबरही असो."

जो आशीर्वाद पास्टरांनी मंडळीला द्यायचा होता, तो मंडळीने स्वतःच घेऊन स्वतःच परतही केला होता.

कोणी काय करायचे, याच्या सूचनाही ठळक झाल्या होत्या. "मंडळी उभी राहते," असे मंडळी म्हणाली आणि उभी राहिली. "पाळक वेदीकडे वळतात," असे मंडळी म्हणाली. पास्टर मारित यांनी एकवार सर्वांकडे पाहिले आणि, दुसरा उपाय नसल्यामुळे, वेदीकडे वळल्या. दुसऱ्याची चूक उघड करणे हे ती करण्याहून मोठे पातक, असे त्या मुलखातील लोक मानतात. त्यामुळे काहीतरी बिनसले आहे हे प्रत्येकाला कळत होते, आणि प्रत्येकजण ते दुसऱ्याला कळू नये म्हणून अधिकच जोराने वाचत होता.

पापांगीकार, म्हणजे पापांची सामूहिक कबुली, झाला. त्यानंतर क्षमेची घोषणा येते. ती नेहमी पाळक करतात आणि मंडळी ऐकते. या खेपेस मंडळीने समोर उभ्या असलेल्या, हातातील कागद खाली गेलेल्या त्या एकट्या तरुण बाईकडे पाहिले आणि एका आवाजात म्हटले, "तुमच्या सर्व पापांची तुम्हाला क्षमा झाली आहे." या चर्चमध्ये आल्यापासून मारितबाईंनी हे वाक्य दर रविवारी इतरांना वाटले होते. ते स्वतःकडे येताना त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. आर्डिसबाईंना वाटले, या रडताहेत त्या माझ्या पत्रिकेमुळे. आणि एका अर्थी ते खरेच होते.

"उपदेश: मौनाचा महिमा," अशी गर्जना करून मंडळी खाली बसली. उपदेश मात्र छापलेला नव्हता, म्हणून तेवढा पास्टरांना करता आला. तो नेहमीपेक्षा पुष्कळ आखूड झाला.

मग सूचना आल्या. तळघरातील नळ घट्ट बंद करावा, असे शेकडो कंठांनी घोषित झाले. गेल्या जेवणावळीनंतर झाकणाचे एक निळे भांडे उरले असून ते ज्याचे असेल त्याने न्यावे, हे अशा गांभीर्याने म्हटले गेले की भांड्याच्या मालकिणीने मान खाली घातली. आर्डिसबाईंनी पुढची सूचना पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

मंडळीचा गळा एव्हाना चांगला तापला होता. "आपल्या मंडळीतील लोक," मंडळीने वाचले, "कागदात मान घालून पुटपुटतात." शब्द तुळयांवर आपटून परत आले. "त्यांचा आवाज शेजारच्या बाकापर्यंतही पोहोचत नाही." खिडक्यांच्या रंगीत काचा हलल्या. "ही वाईट सवय कागदाने लावली आहे, आणि कागद असेपर्यंत ती सुटणार नाही." पहिल्या रांगेत वेंडेल स्कोगेनही वाचत होते. अक्षर ठळक होते, आणि तेही आजोबांच्या मांडीवर बसूनच शिकलेले होते. पहिल्या वाक्याला त्यांचा आवाज इतरांबरोबर होता, दुसऱ्याला मागे पडला, आणि तिसऱ्याला फक्त ओठ हलत राहिले. "वेंडेल स्कोगेन, अध्यक्ष," असा मंडळीने शेवट केला, तेव्हा अंगणातील पारवे उडाल्याचा आवाज आला.

त्या चर्चमध्ये कोणी हसत नसे. पण बाकांच्या रांगांतून खोकल्याची एक मोठी साथ पुढून मागे आणि मागून पुढे गेली.

अखेरीस आशीर्वचन झाले. तेही मंडळीनेच पाळकांना दिले. वाद्य सुरू व्हायचे, पण तळाशी एक ओळ शिल्लक होती आणि ती ठळक होती. "ही पत्रिका आर्डिस क्वामी यांनी तयार केली. चूक आढळल्यास कृपया..." इथपर्यंत मंडळी त्याच जोरात आली. मग पुढचा शब्द दिसला, आणि कोणी खूण केलेली नसताना सर्वांनी आवाज एकदम खाली आणला. "सौम्यपणे सांगावी," असे ते इतक्या हळुवार म्हणाले, की ऑर्लिन यांना वाटले उपासना संपली, आणि त्यांनी टोपी घातली.

तळघरात कॉफीचे पेले भरले गेले. मतदानाआधी आर्डिसबाई उभ्या राहिल्या. आज जे झाले तो माझा दोष, एक खूण चुकीच्या जागी पडली, सारी पत्रिका बिघडली, आणि उद्यापासून हे काम कोणा जाणत्याकडे द्यावे, असे त्यांनी सांगितले. सारे तळघर बुटांकडे पाहू लागले.

"बिघडली म्हणजे?" एल्व्हाआजींनी विचारले.

"सगळंच ठळक झालं ना, आजी."

"मला काही चूक दिसली नाही बाई. जरा वेगळं होतं." आजींनी बारचा तुकडा कॉफीत बुडविला, तो आर्डिसबाईंचाच होता आणि त्याला बुडविण्याची गरज होती. "मला मात्र सगळं वाचता आलं. चष्म्याशिवाय."

"पास्टरबाई, तुम्हाला दिसली का काही चूक?" मागून कोणीतरी विचारले.

"मी आज फारसं काही बोललेच नाही," मारितबाई म्हणाल्या. "त्यामुळे माझ्याकडून तरी झाली नाही."

मग अध्यक्ष या नात्याने वेंडेल उठले. पडद्याच्या बाजूची कारणे सांगणे त्यांच्याकडे होते. त्यांनी घसा साफ केला, खिशातून टिपण काढले, ते पाहिले, आणि पुन्हा खिशात घातले.

"बोल की रे," एल्व्हाआजी म्हणाल्या. "लोक पुटपुटतात, तिथपर्यंत आम्हाला पाठ झालंय."

वेंडेल प्रामाणिक गृहस्थ होते. पुटपुटणाऱ्यांसाठी पडदा हवा होता आणि आज पुटपुटणारा कोणी सापडत नव्हता, असे त्यांनी सांगितले. एवढ्यावर पडदा मागणे म्हणजे काठोकाठ भरलेल्या विहिरीवर दोर विकण्यासारखे होईल, असे म्हणून ते खाली बसले. हात वर झाले. कागद राहिला. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. सर्वांनी कॉफीचा दुसरा पेला घेतला, आणि तिथे त्याचा अर्थ तोच होतो.

पेले विसळताना वेंडेल आर्डिसबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचे हात मागे बांधलेले होते.

"आर्डिसबाई, खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

"वेंडेल, मला ते मुद्दाम करता आलं असतं, तर ते चुकून झालंच नसतं."

त्यांनी यावर बराच विचार केला. "पुढच्या वेळी माझी सूचना साधीच टाका," ते म्हणाले. मग टेबलावर उरलेल्या बारांपैकी एक उचलून त्यांनी शूरपणे चावला.

सोमवारी पास्टर मारित कचेरीत आल्या. आर्डिसबाई संगणकापुढे बसून ती खूण काढून टाकीत होत्या. पुन्हा पाहत होत्या, पुन्हा काढीत होत्या. पास्टरांनी जरा संकोचून एक मागणी केली. सारे पूर्ववत व्हावे, पण क्षमेच्या घोषणेनंतर एक ओळ नवी यावी. आपण मंडळीला क्षमा सांगितली, की मंडळीने ती आपल्यालाही सांगावी.

"ठळक?" आर्डिसबाईंनी विचारले.

"ठळक."

आर्डिसबाईंनी ती ओळ टंकित केली, एकटीच निवडली, कळ दाबली, आणि मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारी पाने तीनदा पाहिली. एकच नवी ओळ काळी झाली होती. पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा हळू आवाजात बोलू लागली, कारण स्वभावाला औषध नसते. त्या एका ओळीला मात्र आवाज चढला, आणि पहिल्या रांगेतून तो सर्वांत मोठा आला.

ज्यांनी चूक पाहिली आणि न पाहिल्यासारखे केले, त्यांचे कल्याण असो. जिच्या हातून ती झाली, तिच्या ओळी सरळ राहोत. आणि ज्यांना इतरांना क्षमा वाटण्याचेच काम नेमून दिलेले असते, त्यांच्या वाट्याला कुठल्या ना कुठल्या रविवारी एखादी ठळक ओळ येवो.